कोल्हापूरची पिशवी, मालवणची रापण

गुरुवार, कोल्हापूर

दिवाळीची पाहुणेमंडळी पांगली की मालवणला जायचं, हे आमच्या घरी ठरलेलं. या वेळी मी धाकट्या भावाला म्हटलं, आधी पंचगंगेच्या काठानं खाली जाऊन येऊ, मग घाट उतरू. "ताई, सुट्टी काढून नाला बघायला कोण जातं?" असं म्हणाला खरा, पण गाडीची किल्ली तोवर त्याच्या हातात होती.

मला एक गोष्ट डोळ्यांनी बघायची होती. नाल्यात टाकलेली पिशवी नदीत जाते, नदीतून समुद्रात आणि तिथून मच्छीमाराच्या जाळ्यात, हे शाळेच्या भिंतीवर आणि नदी स्वच्छतेच्या प्रत्येक फेरीत लिहिलेलं असतं. कोल्हापूरला समुद्र नाही. तरी ताटात मासा येतो तो मालवण-रत्नागिरीचा आणि सुट्टी जाते ती तारकर्लीला नाहीतर गणपतीपुळ्याला. मग आपल्या पिशवीची आणि तिथल्या जाळ्याची गाठ नेमकी कुठं पडते?

सुरुवात कसबा बावड्यातल्या राजाराम बंधाऱ्यापासून केली. पावसाळ्यात इथल्या पाणीपातळीचा आकडा ऐकल्याशिवाय निम्मं कोल्हापूर झोपत नाही. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं आणि ते उतरल्यावर नदीकाठच्या झाडांच्या शेंड्यांना पिशव्या लटकलेल्या होत्या. पूर कुठवर आला होता ते दाखवायला वेगळी खूण करायची गरजच नव्हती.

आता नोव्हेंबरात पाणी संथ आहे. बरगे घातलेत. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे दगडी खांबांची रांग आणि त्यांच्यामधल्या खाचांत बसवलेले बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवायचं आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की ते काढून नदीला वाट मोकळी करून द्यायची. शेतीसाठी झकास सोय. कचऱ्यासाठीही तितकीच. बरग्यांच्या वरच्या अंगाला केंदाळाचा हिरवा गालिचा दाटून आला होता आणि त्याच्या मुळांत सगळं अडकलेलं: दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे पाऊच, देवाच्या फोटोची फ्रेम, निर्माल्याची गाठ मारलेली पिशवी जशीच्या तशी. शहरातनं येणाऱ्या जयंती नाल्यातून काय काय नदीला मिळतं त्याची यादी इथं उभं राहून करता येते.

एक भोई काका थर्माकोलच्या जाड तुकड्यावर मांडी घालून, हातानं पाणी मारत जाळं काढत होते. जाळ्यात चिलापी होती. तीच आता उरली आहे, वाम-मरळ कधीतरी, असं त्यांचं म्हणणं. धाकट्यानं काठावरनं हाक मारली.

"काका, ह्यो कचरा पुढं कुटं जातोय?"

"बरगं काढलं की खाली. इचलकरंजीवाल्यांच्या बोकांडी."

"आन् त्यांचा?"

"वाडीला."

"आन् वाडीचा?"

"ते दत्त म्हाराज बघून घेतील."

शुक्रवार, नृसिंहवाडी

म्हणून दत्त महाराजांकडं गेलो. प्रयाग चिखलीला नाव धारण करणारी पंचगंगा ऐंशीएक किलोमीटर वाहून इथं कृष्णेला मिळते. घाटावर शुक्रवार असूनही गर्दी होती. संगमाचं पाणी दोन रंगांचं दिसतं असं लहानपणी आजोबा दाखवायचे. या खेपेला मला तरी ते एकाच रंगाचं दिसलं.

इथून पुढचा प्रवास नकाशावर केला. संगमानंतर कृष्णा शिरोळ तालुक्यातून कर्नाटकात शिरते. पुढं अलमट्टी, नारायणपूर, मग जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज, आणि शेवटी आंध्रातल्या हंसलादिवीजवळ बंगालचा उपसागर. नदीची एकूण लांबी सुमारे १४०० किलोमीटर. म्हणजे कोल्हापूरच्या नाल्यातली पिशवी नदीनं गेलीच तर पूर्वेच्या समुद्राला जाणार, आणि तेही वाटेतल्या एवढ्या धरणांनी जाऊ दिलं तर. बराचसा माल धरणांच्या गाळात रुतून बसतो नाहीतर काठाला उन्हात तडकून चुरा होतो.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हीच गोष्ट जगभरच्या नद्यांसाठी मांडली होती. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ८० टक्के हजाराहून जास्त नद्या मिळून नेतात, आणि त्यांत नाव कमावलेल्या लांबलचक नद्यांपेक्षा किनाऱ्याजवळच्या शहरांतून वाहणाऱ्या छोट्या नद्यांचा वाटा मोठा. अंतर जितकं कमी, उतार जितका तीव्र आणि पाऊस जितका जोराचा, तितका कचरा समुद्राला पोचायची शक्यता जास्त.

"म्हणजे आपण सुटलो," धाकटा म्हणाला. मालवणच्या मच्छीमाराला पंचगंगेची पिशवी मिळत नाही, इतकं तरी खरं. सुटकेच्या आनंदात त्यानं बासुंदी घेतली. ती प्लास्टिकच्या डब्यात आली, डबा पिशवीत आला आणि सोबत दोन प्लास्टिकचे चमचे आले.

शनिवार, फोंडा घाटातून मालवण

पहाटे निघालो. राधानगरीपर्यंत धुकं, पुढं दाजीपूरच्या जंगलात चक्क थंडी. गव्यांचं अभयारण्य आहे हे, पण आम्हाला गवा काही दिसला नाही. माकडं दिसली, रस्त्याकडेला बसून चिप्सचं पाकीट उलटं करून चाटणारी.

घाटमाथ्याला गाडी थांबवली. सह्याद्रीची ही कड फार कामाची आहे. तिच्या पूर्वेला पडलेला पाऊस भोगावतीतून पंचगंगेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातो. पश्चिमेला पडलेला कोकणातल्या आखूड नद्यांतून अरबी समुद्रात. कडेपासून समुद्र जेमतेम ५०-६० किलोमीटर आणि उतार असा की आषाढात वरून सुटलेलं पाणी वाटेत कुठं रेंगाळत नाही. मधे अलमट्टी नाही, श्रीशैलम नाही.

आणि त्याच कडेच्या वळणावर, जिथं सगळे फोटो काढायला थांबतात, तिथं दरीच्या बाजूला कचऱ्याची धार लागलेली होती. पाण्याच्या बाटल्या, कागदी म्हणून विकले जाणारे पण आतून प्लास्टिकचं अस्तर असलेले चहाचे कप, केकचे बॉक्स, बिअरचे कॅन. आमच्या पुढं-मागं थांबलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचल्या. एमएच ०९, एमएच ०९, एक एमएच १०, परत एमएच ०९. कोल्हापूर, कोल्हापूर, सांगली, कोल्हापूर.

धाकट्यानंही पाट्या वाचल्या होत्या. गाडीत बसल्यावर म्हणाला, "ताई, नदीनं सुटलो, रस्त्यानं घावलो."

मला जे शोधायचं होतं ते इतक्या सरळ सापडेल असं वाटलं नव्हतं. आपला कचरा समुद्राला नेतं ते आपलं स्वतःचं वाहन. नदीला जे जमेल की नाही याची खात्री नाही, ते आपण तीन-साडेतीन तासांत, टोल भरून नाहीतर चुकवून, आरामात पार पाडतो. आणि तेही कडेच्या बरोबर त्या बाजूला नेऊन टाकतो जिथून त्याला समुद्राची वाट सगळ्यात जवळची.

कणकवलीला चहा घेतला. गड आणि जानवली या नद्यांवरचं हे गाव. हमरस्त्याच्या पुलावरून खाली बघितलं तर पावसाळ्यात पाणी कुठवर चढलं होतं ते इथंही झुडपांवरच्या चिंध्यांनी दाखवलेलं. कोकणातल्या लोकांचाही वाटा यात आहेच, सगळं पाप घाटावरच्यांच्या माथी मारायचं कारण नाही.

मालवणात उतरलो तिथल्या दुकानात पाण्याची बाटली घेताना विचारलं, रिकामी परत घेता का? महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली तेव्हा बाटली परत दिली की पैसे परत, अशी तरतूद तिच्यात होती. दुकानदार हसला. "घेऊन ठेवू कुठं?" १ जुलै २०२२ पासून देशभरात स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, थर्माकोलच्या ताटल्या असल्या एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर बंदी आली. पण चिप्सचं चकचकीत पाकीट त्या यादीत नाही आणि पाण्याची बाटलीही नाही. किनाऱ्यावर सगळ्यात जास्त सापडतं ते नेमकं यादीत नसलेलंच.

संध्याकाळी तारकर्लीला सूर्यास्त बघायला इतकी माणसं होती की सूर्य बुडाल्यावर टाळ्या पडल्या. मग सगळे जेवायला गेले. वाळूत काय काय मागं राहिलं ते वेगळं सांगत नाही.

रविवार, मालवण

रापण बघायची म्हणून उजाडायच्या आत दांडीच्या किनाऱ्यावर गेलो. समोर सिंधुदुर्ग किल्ल्याची काळी रेघ, वाळू गार.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं प्रचंड जाळं. होडीतून ते अर्धवर्तुळात समुद्रात सोडत जातात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि मग दोन्हीकडं माणसांच्या रांगा लागून ते हळूहळू आत ओढलं जातं. हे एकट्याचं काम नव्हे. रापण वाडीची असते, संघाची असते, आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. मालवणच्या गाबीत समाजाची कितीतरी घरं पिढ्यानपिढ्या या वाट्यांवर उभी राहिली.

आम्हीही दोराला हात लावला. पर्यटकांना लावू देतात, मोबाइलवाल्यांनाही. दोर ओला, खरखरीत, आणि एका लयीत मागं जायचं, टोकाला पोचलं की दोर सोडून परत पाण्याशी येऊन धरायचा. तास उलटून गेला तरी जाळं दिसेना. मग पाण्यात बोये दिसायला लागले, दोन्ही रांगा जवळ आल्या, जाळं जड लागायला लागलं. धाकटा घामाघूम होऊन ओरडला, "लई घावलंय!"

शेजारचे काका, पंचाहत्तरीच्या आसपासचे, फक्त म्हणाले, "वजन बघू नकात. आधी बघूया काय हा तां."

जाळ्याचं दाट विणीचं पोट वाळूवर आलं. त्यात तारली होती, चंदेरी, तडफडणारी. थोडे बांगडे, पेडवे, मूठभर कोळंबी, दोन कुर्ल्या. आणि मासळीच्या मधून, मासळीइतकंच चकचकत, प्लास्टिक.

आजवर समुद्रातल्या प्लास्टिकचे फोटो मी खूप पाहिले आहेत. ते एकतर डोंगराएवढे ढीग असतात नाहीतर कासवाच्या गळ्यातला फास. इथं तसलं काही नव्हतं. इथं होतं ते बारीकसारीक, चिकट आणि किचकट. पिशव्यांच्या पारदर्शक चिंध्या, ज्या ओल्या असताना माशापासून वेगळ्या ओळखता येत नाहीत. पाऊचचे कोपरे. बाटल्यांची बुचं. निळ्या दोराचे धागे. एक चप्पल, तिच्या तळाला शिंपल्यांसारखे जीव देठांनी लोंबकळत होते, म्हणजे ती बरेच दिवस खोल पाण्यात तरंगून आलेली. एका बाटलीवर चिनी अक्षरं होती. ती कुणा पर्यटकाची नसावी, जहाजावरून पडली असणार. जहाजांनी समुद्रात प्लास्टिक टाकायचं नाही हा आंतरराष्ट्रीय नियम ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू आहे. बाटली काही तेवढी जुनी वाटत नव्हती.

चार बायका आणि तीन पुरुष ताडपत्रीवर उकिडवे बसून निवडायला लागले. मी एका मावशींशेजारी बसले. त्यांची बोटं बघण्यासारखी चालत होती: मासा टोपलीत, चिंधी मागं, मासा टोपलीत, मासा टोपलीत, चिंधी मागं. चिप्सच्या एका पाकिटात तीन तारले शिरून बसले होते. पाकिटाचं तोंड ओल्यानं मिटलेलं. मावशींनी ते फाडलं, तारले दाबून बघितले आणि एक बाजूला टाकला. पोट फुटला होता. पाकीट फडफडत माझ्या पायाशी आलं. त्याच्यावरचा भाव अजून स्पष्ट वाचता येत होता: ₹१०.

"ह्यां हातानच काडूचा लागता," त्या म्हणाल्या. "मासो येवंदे नायतर नको येवंदे, ह्यां येतलाच."

निवडायला किती वेळ जातो हा मला इथं कळलेला खरा खर्च. तारली हा नाजूक मासा, उन्हं वर आली की मऊ पडतो. लिलावाला मासळी वेळेत गेली तर भाव, उशीर झाला की व्यापारी नाक मुरडतो आणि उरलेली सुकवायला जाते. सुकत घातलेल्या मासळीतही वाऱ्यानं चिंध्या येऊन बसतात, त्या परत निवडायच्या. पूर्वी ओढून झाल्यावर जो अर्धा-पाऊण तास हातात उरायचा तो आता ताडपत्रीवर जातो. त्याचा वाटा कुणी काढत नाही, कारण तो कशातून काढणार? जगभरात वर्षाला सुमारे १ कोटी १० लाख टन प्लास्टिक समुद्रात जातं असा एक अंदाज वाचला होता. त्या आकड्यानं मला कधी काही झालं नाही. मावशींच्या बोटांच्या फटीत रुतलेल्या निळ्या धाग्यानं झालं.

काकांनी जाळ्याची फाटलेली कड दाखवली. बाटलीची फुटकी कड नाहीतर पत्रा अडकला की ओढताना जाळं उसवतं. त्यांच्या वडलांच्या वेळी सुताची जाळी होती, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून पक्की केलेली, सारखी वाळवावी लागायची, कुजायची. मग नायलॉन आलं आणि तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी धागा, आला. हलका, न दिसणारा, न कुजणारा. मच्छीमारांनी तो आनंदानं घेतला आणि कोण घेणार नाही? पण न कुजण्याचा गुण जाळं हरवल्यावर अवगुण होतो. तरंगतात ती पिशव्या आणि बुचं. नायलॉन पाण्यापेक्षा जड, ते तळाला जातं आणि खडकांवर, पोवळ्यांवर अडकून मासे धरत राहतं, धरणारा नसला तरी. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ ला जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. किल्ल्याच्या आसपासची पोवळी बघायला पाण्याखाली उतरणाऱ्या मुलांपैकी एकानं सांगितलं की पर्यटकाला खाली नेण्याआधी तो जमेल तेवढी जाळी कापून वर आणतो, नाहीतर त्याचाच पाय अडकायचा.

कासवांची गोष्ट निघाली. जाळ्यात कासव किंवा दुसरा संरक्षित प्राणी आला आणि त्याला सोडवायला जाळं कापावं लागलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची योजना राज्यात २०१८ च्या अखेरीस सुरू झाली. काकांना ती माहीत होती, आणि ती चांगली आहे असं ते म्हणाले. पिशवीनं जाळं फाटलं तर अशी सोय नाही, हे त्यांनी हसत हसत जोडलं.

होडीच्या इंजिनाबद्दल एका तरुण खलाशाला विचारलं. बाहेर लावायच्या इंजिनाला थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आत ओढलं जातं. त्या तोंडावर पिशवी चिकटली की पाणी बंद, इंजिन तापतं. पंख्यात दोर गुंडाळला तर होडी जागच्या जागी. वारा पडलेला असेल तर ठीक. नसेल तर भर लाटांत कुणीतरी सुरी तोंडात धरून पाण्यात उतरतं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मी प्लास्टिकवर विचारत होते म्हणून ही मंडळी प्लास्टिकवर बोलत होती. मनानं बोलायला लागले तसे वेगळंच बोलले. काकांनी बोटांवर मोजलं: "पर्ससीन पयला, एलईडी दुसरा, ह्यां तिसरा." पर्ससीन म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरून खालून आवळायचं मोठं जाळं; त्यावर राज्य सरकारनं फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडायला केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी केली. तरी रात्री क्षितिजावर दिवे दिसतात असं ते म्हणाले. मासाच कमी झाला तर प्लास्टिकचं प्रमाण आपोआप वाढणार, हा त्यांचा हिशेब मला कुठल्याही अहवालापेक्षा पटला. टोपलीभर मासळीत ओंजळभर कचरा निवडणं वेगळं आणि ओंजळभर मासळीसाठी टोपलीभर कचरा निवडणं वेगळं.

आणि मच्छीमार धुतल्या तांदळासारखे आहेत असंही नाही. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला ऑइलचे रिकामे डबे होते, बर्फाच्या पोत्यांचे तुकडे होते, जुन्या तंगूसाचं भेंडोळं होतं. ताडपत्रीवर वेगळं काढलेलं प्लास्टिक मावशींनी एका घमेल्यात भरलं आणि माडांच्या मागं नेलं. काय करता म्हणून विचारलं तर, "पेटवतंव. नायतर खय टाकूचा? हय गाडी येणा नाय." म्हणजे समुद्रातून हातानं निवडून आणलेलं परत हवेत. केरळात कोल्लमजवळच्या नींडकरा बंदरात २०१७ पासून मच्छीमारांनी जाळ्यात आलेलं प्लास्टिक बंदरावर आणायचं, तिथं ते धुवून, चुरा करून रस्त्याच्या डांबरात घालायचं, अशी व्यवस्था उभी राहिली. ते शक्य झालं कारण बंदरावर ते घ्यायला माणूस होता. इथं घमेलं कुणाच्या हातात द्यायचं हाच प्रश्न.

पर्यटन नको का, असं विचारल्यावर सगळे एकदम गप्प झाले. खोल्या भाड्यानं जातात, पोरगा पर्यटकांची होडी चालवतो, सून थाळी करते. आलेल्या पाहुण्याला, कचरा उचल, असं म्हणायची चोरी. "तुमी कोल्हापूरचे बरे," मावशी म्हणाल्या, "जेवतत बरे, पैशे देतत बरे." त्या पुढं काही बोलल्या नाहीत. धाकटा वाळूत बोटानं रेघा मारत होता.

सोमवार, वेंगुर्ला आणि आंबोली

पाटपरुळ्याच्या बाजूनं वेंगुर्ल्याला आलो. इथं दोनच गोष्टी बघायच्या होत्या.

एक, मांडवी खाडीतलं कांदळवन. स्थानिक बचत गटाच्या बायका वल्हवत होडीतून फिरवून आणतात. कांदळवनाची श्वासमुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात आणि भरतीबरोबर आलेली पिशवी त्यांच्यावर अशी पसरते की त्यांना हवाच मिळत नाही. कोळंबी आणि कितीतरी माशांची पिल्लं याच मुळांत वाढतात, म्हणजे इथं गुदमरलेलं झाड रापणीच्या टोपलीत कमी पडतं. वल्हवणाऱ्या ताईंनी बोलता बोलता वल्ह्यानं एक पिशवी उचलून होडीत घेतली. आम्ही मदतीला वाकलो तर म्हणाल्या, तुम्ही बसा, होडी कलंडेल.

दुसरी गोष्ट म्हणजे वेंगुर्ला नगरपरिषदेचा कचरा डेपो. कचरा डेपो बघायला माणसं लांबून येतात हे खरं वाटत नाही, पण येतात. रामदास कोकरे इथं मुख्याधिकारी असताना घराघरातून कचरा वेगवेगळा गोळा करायला सुरुवात झाली, ओल्याचा बायोगॅस आणि खत, प्लास्टिकचा चुरा करून तो रस्त्याच्या डांबरात. गाव लहान, माणसं कमी, म्हणून जमलं, असं म्हणणारे भेटतात. मला उलट वाटतं. लहान नगरपरिषदेकडं पैसा लहान असतो, तरी जमलं.

आंबोलीला धुकं होतं, कांदाभजी झाली, भजी वर्तमानपत्राच्या कागदात मिळाली. हिरण्यकेशी इथं उगम पावते आणि समुद्र इतका जवळ असून पाठ फिरवून पूर्वेला, घटप्रभेतून कृष्णेला जाते. आजऱ्याच्या पुढं रस्त्यावर मासळीची एक बंद गाडी आमच्या पुढं लागली. मागच्या दारातून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. वळणावळणावर वास.

मंगळवार, कोल्हापूर

सकाळी मासळी बाजारात गेलो. कोकणातून आलेल्या सुरमई, पापलेट, बांगड्याचे थर्माकोलचे खोके फोडायचं काम चाललं होतं. टेप ओरबाडली की झाकणाचे दाणे उडतात, ओल्या फरशीला चिकटतात, झाडूनं गटाराकडं ढकलले जातात. थर्माकोलचा असा दाणा पाण्यात गेला की माशाच्या अंड्याएवढा दिसतो आणि कधी बुडत नाही. ही खोकी मालवणच्या जेट्टीवरही रचलेली पाहिली होती, तिथं फुटलेल्यांचे दाणे पाण्यावर तरंगत होते.

ओळखीच्या विक्रेत्या मावशींना विचारलं, ही खोकी परत जातात का?

"परत कोण नेतंय? गाडी रिकामीच जातीया, पर खोक्याला कोण इच्यारतंय. क्रेट असलं तर जात्यात. क्रेटाचं डिपॉझिट असतंय न्हवं." कोपऱ्यात निळ्या क्रेटची चळत होती. प्रत्येकावर ऑइलपेंटनं व्यापाऱ्याची अक्षरं रंगवलेली.

"मग सगळा माल क्रेटातनं का नाही मागवत?"

"बर्फ लवकर इतळतोय. जास्त बर्फ घालाय लागतोय. किलोमागं दोन-चार रुपयं चढत्यात." त्यांनी सुरी थांबवून माझ्याकडं बघितलं. "देशील का?"

मी देईन म्हटलं. धाकटा पलीकडं सुरमईचा भाव पाडत होता, आणि खाली यायला तयार नसलेल्या माणसाला आपण पिशवी घरनं आणलीय, तेवढे तरी कमी कर, असं पटवत होता.